प्रश्नासाठी वर केलेला हात

ते हात वर करायचे तेव्हा उजव्या हाताचं कोपर डाव्या तळव्यात धरायचे. त्यामुळे हात दुखत नाही आणि कितीही वेळ वर ठेवता येतो. तुम्हीही सभांना जात असाल तर पाहिलं असेल, व्यासपीठावरून कुणी लक्ष दिलं नाही की लोक एकदा-दोनदा हात हलवतात आणि खाली घेतात. यांचा हात खाली यायचा नाही. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. पंचवीस मिनिटं.

माईक हातात आला की म्हणायचे, "एक विचारू? वेळ असेल तर." आणि विचारून झालं की माझ्याकडे वळायचे. "ताई, माझं नाव घालू नका. प्रश्न घाला."

म्हणून इथेही त्यांचं नाव घालत नाही. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका संस्थेत काम करत होते. विज्ञानाचे मोठे निर्णय फक्त शास्त्रज्ञांनी आणि सरकारने घेऊ नयेत, लोकांनाही विचारावं, असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि ते मला अजूनही पटतं. त्या वर्षीचा विषय होता माणसाच्या जनुकांमध्ये बदल करण्याचा. बोलावलेल्यांत डॉक्टर होते, वकील होते, महिला मंडळं होती, अपंगांच्या संघटना होत्या आणि रुग्णांचे पालक होते. काका पालकांच्या बाजूने आलेले. माझं काम सोपं होतं. वक्ते इंग्रजीत जे बोलतील ते मराठीत सांगायचं आणि लोक मराठीत जे बोलतील ते लिहून घ्यायचं.

पहिल्या सभेत वक्त्यांनाच एक वाजला. लोकांसाठी राहिली जेवणाआधीची पंधरा मिनिटं. बाहेर भांड्यांवरची झाकणं निघाल्याचा आवाज येऊ लागला, अर्धी सभा दाराकडे बघू लागली, आणि तिसऱ्या रांगेत तो हात तसाच वर.

"एक विचारू? वेळ असेल तर. हे नक्की कुणात करणार? आजारी माणसात, की जन्माला यायच्या आधीच?"

व्यासपीठावरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. दोन प्रकार आहेत, म्हणाले. एकात आजारी माणसाच्या स्वतःच्या रक्तपेशी बाहेर काढून दुरुस्त करतात. ते त्याच्यापुरतं राहतं. दुसऱ्यात गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतानाच बदल करतात. तो बदल त्या मुलात राहतो, मग त्याच्या मुलांत, मग त्यांच्या मुलांत. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे बंदी आहे.

"बंदी आहे ते बरं," काका म्हणाले. "पण बंदी उठते कधीकधी. मी कोलशेतला केमिकल कंपनीत होतो, लॅबमध्ये. बॅच बिघडली की मी वहीत लिहायचो, 'बॅच रद्द'. आणि ती नाल्यात सोडायचे. नाल्यातून खाडीत. इथे बिघडली तर वहीत काय लिहिणार? आणि कुठे सोडणार?"

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "फारच मार्मिक." आणि जेवणाची घोषणा केली.

जेवताना ते ताट घेऊन माझ्यापाशी आले. "घेतलंत?" मी वही दाखवली. त्यांनी अक्षराखाली बोट फिरवत वाचलं. मी लिहिलं होतं, 'कारखान्यातील अनुभव सांगितला.'

"अनुभव नको. प्रश्न लिहा," ते म्हणाले, आणि मी लिहीपर्यंत भात तसाच धरून उभे राहिले.

निघताना हजेरीपत्रकावर सही करायची होती. बाकीच्यांनी झरझर सह्या केल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि कागदावरचा मथळा दोनदा वाचला. मग पान उलटून मागे काही छापलंय का तेही पाहिलं. मागच्या माणसाने सुस्कारा सोडला. मला हसू आलं होतं. त्यामागचं कारण मला महिन्याभराने कळलं.

त्यांना दोन मुलं होती, दोघांनाही थॅलेसेमिया. शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, जन्मभर. थोरला मुलगा लहान असताना एका दवाखान्यात त्यांच्यापुढे कागद आला. दाखल करून घेण्याचाच असेल म्हणून त्यांनी सही केली. पुढे मुलाचं यकृत बिघडलं. चढवलेल्या रक्तातून जंतू गेले होते. काका विचारायला गेले तेव्हा समोरच्याने फाइल उघडून 'धोका मान्य आहे' या ओळीखालची सही दाखवली. "ही तुमचीच ना?" मुलगा चौदाव्या वर्षी गेला.

हे त्यांनी मला आंबिवलीला त्यांच्या घरी सांगितलं, चहा गाळता गाळता, माझ्याकडे पाठ करून. काकू आत होत्या. धाकटी स्नेहल खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. तेवीस वर्षांची, बारीक, हातांवर सुयांचे काळे डाग. घरूनच एका कंपनीचं काम करायची. वडील कप भरू लागले तेव्हा ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "साखर घातलीत का, बाबा? मागच्या वेळी विसरलेलात."

दुसरी सभा काकांनी भरवली. ते संस्थेत येऊन आमच्या प्रमुखांना, सरांना, म्हणाले, "एसी हॉलमध्ये बोलावून कसं चालेल? ज्यांना विचारायचंय ते वॉर्डात झोपलेत." सरांना कल्पना आवडली. तळागाळातला आवाज, म्हणाले, आणि फोटोग्राफर सोबत दिला.

कल्याणच्या एका हॉस्पिटलात तळमजल्यावर एक लांब खोली आहे. दहा-बारा खाटा, प्रत्येक खाटेवर एक मूल, वर टांगलेली रक्ताची पिशवी आणि शेजारी स्टुलावर आई. रक्त चढायला तीन-चार तास लागतात. त्या वेळात काकांनी सभा घेतली. त्यांनी स्वतः कधी कॉलेज पाहिलं नव्हतं, पण अवघड गोष्ट सांगायची त्यांची हातोटी अशी होती की माझं भाषांतर मला लाजिरवाणं वाटायला लागलं. हळू आवाजात बोलायचे, कारण तीन मुलं झोपली होती.

"पण काका, तुम्ही 'दुरुस्ती' म्हणू नका," एक आई म्हणाली. "माझी पोर काय मोडलेली आहे?"

काका थांबले. "बरोबर. बदल म्हणतो."

मग स्नेहल उठून बसली. तिच्याही हातात सुई होती त्या दिवशी. "बाबा, तुम्ही प्रश्न विचारत बसणार, आणि मी सुया टोचून घेणार. मला हवंय ते. उद्या दिलं तर उद्या घेईन."

"तुला मिळावं म्हणून तर जातो मी सभांना."

"मग हो म्हणून या ना एकदा. प्रत्येक वेळी काय विचारायचं असतं?"

त्यांनी तिच्या नळीतला थेंब नीट पडतोय का ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. सगळ्या खोलीसमोर मुलीने बापाला गप्प केलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती एवढं जोरात बोलू शकते याचंच त्यांना बरं वाटलं असावं.

कोपऱ्यातल्या खाटेशी डोंबिवलीची हर्षदा बसली होती. तिचा अर्णव चार वर्षांचा. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा तिने अकराव्या आठवड्यात तपासणी करून घेतली होती, त्यातही तेच निघालं आणि गर्भ काढावा लागला. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे तिने बोलायला सुरुवात केली तशी कुजबुज थांबली.

"दुसरं मूल हवं असेल तर हे मिळेल का?"

"गर्भात करायचं ते? नाही. इथे बंदी आहे," काका म्हणाले.

"कुठे नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीत पाहिलं. आम्हा दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं. हर्षदाने पुन्हा विचारलं नाही. ती अर्णवच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिली. आज मागे वळून बघताना मला वाटतं, त्या दिवशी तिथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि तो मी लिहून घेतला नाही.

तीन महिन्यांनी अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. चाळीस पानं. मी लिहून दिलेली दोन्ही सभांची टिपणं त्यात एका परिच्छेदात आली होती. शेवटचं वाक्य होतं, 'रुग्णांचे पालक व नागरी समाजाच्या प्रतिनिधींनी या तंत्रज्ञानाचे स्वागत केले.'

मी सरांकडे गेले. "सर, स्वागत असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रश्न होते."

"त्या मुलीने म्हटलं होतं ना, मला हवंय म्हणून? तुझ्याच टिपणात आहे."

"ते आजारी माणसाच्या उपचाराबद्दल होतं. गर्भाबद्दल नाही."

"सारांश असाच असतो गं. बाकीचं परिशिष्टात घालू."

परिशिष्ट निघालंच नाही. मी पुन्हा गेले नाही. सर वाईट नव्हते, त्यांना मुदतीत अहवाल द्यायचा होता. मला नोकरी टिकवायची होती. मी शुद्धलेखन तपासलं आणि मसुदा परत पाठवला.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी काका वर्तकनगरला माझ्या घरी आले. आधी फोन केला नव्हता. पाणी नको म्हणाले, बसा म्हटलं तर बसले नाहीत. पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तिका काढून टेबलावर ठेवली.

मुखपृष्ठावर ते होते. ठाण्यातल्या हॉलमध्ये, हात वर केलेले. कोपराखालचा डावा तळवा फोटोतून कापला होता. त्यामुळे तो हात प्रश्न विचारणाऱ्याचा वाटत नव्हता. मत देणाऱ्याचा वाटत होता. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'समाजाने केले स्वागत.'

"ताई, मी हात कशासाठी वर केलेला?"

"प्रश्न विचारायला."

"इथे तसं दिसतं का?"

मी पुस्तिका पालथी घातली.

"हे वाक्य यांनी कुठून आणलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सरांकडे गेले होते ते आणि पुन्हा गेले नाही तेही. अहवाल सगळ्यांसाठी खुला होता. पुस्तिका काढणाऱ्यांनी त्यातून फोटो उचलला, वाक्य उचललं, आणि आपलं छापलं. काका ऐकत होते. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, "तुमची वही आहे का अजून?"

पुस्तिका हर्षदाने आणली होती. कोलशेतच्या एका नव्या इमारतीत कुणी केंद्र उघडलं होतं. ते इथे काही करत नव्हते, फक्त 'मार्गदर्शन' करत. नवराबायकोला परदेशात पाठवत, आणि तिथे गर्भात हवा तो बदल करून मिळेल असं सांगत. हर्षदा आनंदाने वॉर्डात आली होती. तिने काकांना सांगितलं, "काका, आमचे हे तर आधी ऐकतच नव्हते. तुमचा फोटो बघितला आणि म्हणाले, काका हो म्हणतायत म्हणजे विचार करूनच म्हणत असतील."

काकांनी तिला समजावलं. फोटो कशाचा आहे, आपण काय विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण काका, आमचं पुढच्या आठवड्यात जायचं आहे. आता तुम्ही असं नका बोलू."

दुसऱ्या दिवशी मी आणि काका कोलशेतला गेलो. काचेचं दार, कुंड्या, स्वच्छ गणवेशातली हसरी मुलगी. "सर, तुम्ही तर आमच्या ब्रोशरवर आहात," ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. काकांनी चहाला हात लावला नाही. "एक विचारू? वेळ असेल तर. बाळात काही वेगळं निघालं, तर आईने कुणाकडे यायचं? इथेच ना?" मुलगी म्हणाली, "आम्ही फक्त माहिती देतो, सर." साहेब कुठे आहेत म्हटल्यावर साहेब बाहेरगावी होते.

परत येताना काका इमारतीकडे वळून बघत उभे राहिले. त्यांची जुनी कंपनी तिथून जवळच होती म्हणे. आता तिचा मागमूस नव्हता.

संस्थेने केंद्राला पत्र पाठवलं. काकांनी सरांसमोर माझी वही ठेवली, तेव्हा सर मनापासून म्हणाले, "आम्ही त्यांना परवानगी दिलेली नाही." काका म्हणाले, "पण वाक्य तुमचं आहे." पत्राचं उत्तर आलं नाही. आम्ही पुन्हा कोलशेतला गेलो तेव्हा काचेच्या दाराला कुलूप होतं, आत कुंड्या सुकल्या होत्या आणि पाटी काढलेल्या जागी चार भोकं होती. हर्षदाचा फोन लागत नव्हता. अर्णवला रक्त चढवायला त्याची आजी आणू लागली. तिला विचारलं की म्हणायची, "मला काही माहीत नाही बाबा."

त्या दिवसांत काका हजेरीपत्रकाची प्रत घेऊन घरोघर फिरले. ठाणे, कल्याण, डोंबिवली. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या प्रत्येकाला माझ्या वहीतली त्याची ओळ वाचून दाखवायची आणि विचारायचं, "तुम्ही हेच म्हणालात ना?" काहींना आठवत होतं. काहींनी चहा दिला. एका वकिलांनी दार अर्धवट उघडून सांगितलं, "जाऊ द्या हो, आता त्याचं काय." पुढच्या सभेचं निमंत्रण काकांना आलं नाही. स्नेहलला आलं. तिने फोनवर विचारलं, "बाबांना बोलावणार नसाल तर मी कशाला येऊ?" आणि फोन ठेवला. मला हे तिने नाही, काकांनी सांगितलं. सांगताना ते दोनदा खोकले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मीही त्याच सुमारास ती नोकरी सोडली.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी हर्षदा वॉर्डात आली. एका हाताला अर्णव, दुसऱ्या हातावर तीन महिन्यांची मुलगी. मी काकांसोबत होते. मुलगी गोरीगोमटी, डोळे टपोरे, अगदी तुमच्या-माझ्या घरातल्या बाळासारखी. हर्षदाने तिला काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी तिचं टाळू हलक्या हाताने चाचपलं, हाताची बोटं एकेक करून उलगडली.

"रक्त तपासलं," हर्षदा म्हणाली. "रिपोर्ट स्वच्छ आला. आजार नाही."

"मग चांगलं झालं की."

"हो." तिने अर्णवला जवळ ओढलं. "काका, तिकडचे फोन घेत नाहीत. नंबरच बंद आहे. काय केलं, कसं केलं, एक कागद नाही माझ्याकडे. तुम्हीच बघून सांगा ना. ठीक आहे ना हो ही?"

आयुष्यभर दुसऱ्याला विचारणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारलं होतं. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. काकांनी मान डोलावली, हो म्हणून, आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं घट्ट केलं. मी त्यांना उत्तर माहीत नसताना हो म्हणताना पहिल्यांदाच पाहिलं.

वॉर्डातल्या डॉक्टरांना हर्षदाने सगळं विश्वासाने सांगितलं होतं. आम्ही विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही पालक वाहक असले तरी चारातल्या तीन मुलांना तसाही आजार होत नाही. त्यामुळे काही केलंय की नुसतंच नशीब, हे या रिपोर्टवरून कळत नाही. केलं असेल, तर त्यासोबत आणखी कुठे काय बदललं, ते शोधायला मोठ्या तपासण्या लागतील. त्यातही सगळं सापडेल असं नाही." हर्षदा त्या तपासण्यांना तयार नव्हती. कागदावर आलं तर ते पोरीच्या नावापुढे जन्मभर राहील, म्हणाली. तिला दोष कसा द्यायचा ते मला आजही कळत नाही.

मग काकांनी एक वही सुरू केली. तिच्यावर ना बाळाचं नाव होतं, ना आईचं. अर्णवला रक्त चढवायचा दिवस असला की हर्षदा मुलीला घेऊन यायची, आणि काका तिच्याकडे बघून तारीख टाकून लिहायचे. वजन. दात. दूध किती घेतलं. आवाजाकडे वळते का. लॅबमधलं अक्षर, सुबक आणि तिरकं. मी म्हटलं, "काका, यातून काय कळणार?" तर म्हणाले, "काही झालं तर निदान कधीपासून ते तरी सांगता येईल, ताई. दुसरं कोण बघतंय तिच्याकडे?"

काका मागच्या हिवाळ्यात गेले. सकाळी भाजी आणायला गेले होते, रस्त्यात बसले, पुन्हा उठले नाहीत. बातमी स्नेहलने कळवली. तेराव्यानंतर तिने ती वही माझ्याकडे दिली. ती स्वतः दर तीन आठवड्यांनी वॉर्डात जातेच. तिथे जे दिसेल ते मला फोनवर सांगते, मी लिहिते.

काकांच्या हातची शेवटची नोंद चार ओळींची आहे. 'दोन पावलं टाकली, मग बसली. मला ओळखते. झोपेत डाव्या हाताची बोटं थरथरतात. सगळ्याच बाळांची थरथरतात का? विचारायचं.'

मी विचारलं. ठाण्यात दोन डॉक्टरांना आणि डोंबिवलीत एकाला. तिघंही म्हणाले, लहान मुलांना होतं तसं, बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. मग तिघांनीही पेन उचललं आणि विचारलं, बाळाची हिस्टरी काय आहे?

मी म्हटलं, माहीत नाही.